नाशिक परिसरात फलक बसवण्याचे काम : साधने, साहित्य आणि परवाने यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारची माणसे विचारतात. एक म्हणजे वेल्डिंग, रंगकाम किंवा फ्लेक्स छपाई करता करता फलक बसवण्याच्या धंद्यात उतरू पाहणारे कारागीर आणि दुसरे म्हणजे नवे दुकान, दवाखाना किंवा कार्यालय उघडताना फलकाचे काम कोणाला द्यावे या विचारात पडलेले ग्राहक. दोघांचेही पहिले प्रश्न बहुधा रंग आणि दर यांविषयीचे असतात. मात्र फलक किती वर्षे टिकेल आणि तो कोणाच्या अंगावर पडणार नाही ना, हे त्याच्या मागची भिंत, सांगाडा आणि वायरिंग यांवर ठरते. म्हणून पुढील उत्तरांत त्या गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

फलक बसवण्याचा धंदा करण्यासाठी एखादा स्वतंत्र परवाना मिळतो का?

‘फलक बसवणारा’ या नावाचा एकच सरकारी परवाना महाराष्ट्रात नाही आणि त्यामुळेच या विषयात सर्वाधिक गोंधळ होतो. तीन वेगवेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवून पाहिल्या की चित्र स्पष्ट होते. पहिली गोष्ट म्हणजे व्यवसायाची नोंदणी, जी फलक बसवणाऱ्याने स्वतःच्या नावाने करायची असते. दुसरी म्हणजे विजेच्या कामाचा परवाना; तो ज्याच्याकडे आहे त्यानेच ते काम करायचे असते. तिसरी म्हणजे त्या विशिष्ट फलकाची त्या विशिष्ट जागेवरची परवानगी. ती फलकाच्या मालकाच्या नावाने काढली जाते. ग्राहक या तिसऱ्या परवानगीलाच ‘लायसन्स’ म्हणतो आणि ते कारागिराकडे असेल असे गृहीत धरतो, तर कारागिराला वाटते की ते ग्राहकाने काढलेले असेल. काम ठरतानाच परवानगी कोण काढणार हे कागदावर लिहून घेतले, तर पुढची कटकट टळते.

दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या पाटीलाही महापालिकेची परवानगी लागते का?

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम २४४ आकाशचिन्हांविषयी आहे आणि कलम २४५ जाहिरातींविषयी. आकाशचिन्ह म्हणजे ढोबळमानाने इमारतीच्या वर किंवा खांबावर असा उभारलेला फलक, की रस्त्यावरून पाहताना ज्याच्या मागे आकाश दिसते. अशा फलकाला आयुक्तांची लेखी परवानगी लागतेच. जाहिरातीच्या बाबतीत कायद्याने एक महत्त्वाची सवलत ठेवली आहे. त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याशी संबंधित असलेल्या फलकाला परवानगीची गरज नसते, मात्र तो आकाशचिन्हही नसावा आणि प्रकाशितही नसावा.

‘प्रकाशित नसावा’ ही अट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शटरच्या वर रंगवलेली साधी पाटी आणि आतून एलईडी लावलेली अक्षरे, या दोन्ही गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरचे आजचे बहुतेक फलक आतून उजळणारे असतात. तेव्हा ‘आपल्याच दुकानाची पाटी आहे, परवानगी कशाला?’ हे वाक्य तिथे चालत नाही. शिवाय पाटीवर शीतपेयाच्या, सिमेंटच्या किंवा रंगाच्या कंपनीचे चिन्ह मोठे आणि दुकानाचे नाव लहान असेल, तर ती केवळ दुकानाची पाटी उरत नाही आणि तिच्यावर जाहिरात म्हणून आकारणी होण्याची शक्यता असते. कंपनी पाटी फुकट करून देते तेव्हा ही बाजू दुकानदाराला आधी सांगणे हे कारागिराचे काम आहे.

आकाशचिन्हे आणि जाहिराती यांसंबंधीचे राज्याचे सविस्तर नियम २०२२ मध्ये नव्याने आले. अर्जासोबत काय जोडायचे आणि शुल्क किती, हे महापालिकेच्या त्या त्या विभागीय कार्यालयात विचारूनच ठरवावे. नाशिक महापालिकेचे पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. जागामालकाचे संमतिपत्र, जागेचा नकाशा, फलकाचे मापासह रेखाचित्र आणि मोठ्या फलकासाठी संरचना अभियंत्याचे स्थैर्य प्रमाणपत्र इतके तयार असले, तर पुढचे काम बऱ्यापैकी सोपे होते.

नाशिकमध्ये सगळीकडे महापालिकेकडेच जायचे असते का?

नाही. देवळाली कॅम्पमध्ये छावणी परिषदेकडे जावे लागते. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत भूखंड एमआयडीसीने भाडेपट्ट्याने दिलेले असतात, म्हणून प्रवेशद्वाराशी खांब किंवा कमान उभारायची असेल तर तिथे आधी विचारावे. मुंबई-आग्रा महामार्गालगतची जमीन महामार्गाच्या हद्दीत येत असेल, तर राष्ट्रीय महामार्ग नियंत्रण कायदा, २००२ लागू होतो आणि विनापरवाना उभारलेला खांब काढून टाकला जातो. पांडवलेणी हे केंद्र संरक्षित स्मारक असल्याने त्याच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. पायथ्याच्या परिसरात काँक्रीटचा पाया घेऊन काही उभारण्याआधी हे अंतर मोजून घ्यावे.

गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीत दुकान असेल तर संस्थेचे ना हरकत पत्र, आणि भाड्याच्या गाळ्यात मालकाचे संमतिपत्र, हे कोणत्याही हद्दीत घ्यावेच लागते.

मराठी पाटीचा नियम नेमका काय आहे?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली दुरुस्ती होऊन कलम ३६ क समाविष्ट झाले. त्यानुसार आस्थापनेचा नामफलक देवनागरी लिपीत मराठी भाषेत असणे बंधनकारक आहे. इतर भाषा वापरता येतात, पण मराठी अक्षरे आधी यावीत आणि त्यांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा. पूर्वी लहान दुकाने या तरतुदीतून सुटत असत. या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनाही त्यात आल्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, जी त्याच वर्षी नोव्हेंबरात संपली. मद्यविक्री होणाऱ्या आस्थापनांच्या नामफलकावर थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे घालता येत नाहीत, हेही याच दुरुस्तीत आहे.

आकाराची तुलना करताना एक व्यावहारिक अडचण येते. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांना वर किंवा खाली काही नसते, तर देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार वर येतात आणि उकार खाली. त्यामुळे संगणकावर दोन्ही ओळींची एकूण उंची सारखी ठेवली, की मराठी अक्षराचे मूळ शरीर लहान दिसते. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचे अंतर मोजून ते इतर लिपीतील अक्षराइतके किंवा अधिक ठेवले, तर तपासणीत शंका उरत नाही आणि पाटीही अधिक चांगली दिसते.

देवनागरी अक्षरे कापून बसवताना वेगळी काळजी घ्यावी लागते का?

लागते, आणि परप्रांतांतून तयार होऊन येणाऱ्या अक्षरांत तिचीच उणीव दिसते. शिरोरेषेमुळे संपूर्ण शब्द हा एकच लांब तुकडा बनतो. त्याला केवळ दोन टोकांना आधार दिला तर मधला भाग उन्हात फुगतो, म्हणून शिरोरेषेवर ठरावीक अंतराने खुंट्या द्याव्यात. याउलट अनुस्वार, नुक्ता आणि चंद्रबिंदूचा ठिपका हे सुटे तुकडे असतात. त्यांना स्वतःची खुंटी आणि प्रकाशित अक्षर असेल तर स्वतःचे एलईडी मॉड्यूल (बारीक दिव्यांचा तयार तुकडा) लागते. नुसत्या सिलिकॉनने चिकटवलेला अनुस्वार पहिल्या पावसाळ्यात गळतो आणि ‘मंदिर’चे ‘मदिर’ होऊन बसते. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडतात, त्यामुळे कापायला देण्याआधी मजकुराची छापील प्रत ग्राहकाकडून सही करून घ्यावी.

कोणत्या भिंतीला कोणता आधार वापरावा?

भिंत ओळखता येणे ही या कामातील खरी कसब आहे. नवीन इमारतीच्या काँक्रीटच्या तुळईत किंवा खांबात विस्तारणारा अँकर फास्टनर (आवळल्यावर भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) उत्तम धरतो, पण तो काँक्रीटच्या कडेच्या फार जवळ मारला तर कोपरा फुटतो. भाजक्या विटांच्या भिंतीत तोच फास्टनर विटेला आतून दाबून तडा देतो. तिथे जाळीची नळी घालून केमिकल अँकर (बोल्टला भोकात घट्ट चिकटवणारे रसायन) भरणे किंवा भिंतीतून आरपार बोल्ट काढून मागे पट्टी देणे योग्य असते. सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांत धातूचा विस्तारणारा फास्टनर मुळीच वापरू नये. त्यांच्यासाठी लांब नायलॉनचे प्लग मिळतात, आणि वजन जास्त असेल तर भार तुळईवरच न्यावा.

जुन्या नाशकातील प्रश्न आणखी वेगळा आहे. रविवार पेठ, मेन रोड, सराफ बाजार, भद्रकाली या भागांत अजूनही लाकडी सांगाड्याचे वाडे आहेत. त्यांच्या भिंती चुन्यात किंवा मातीत बांधलेल्या असतात आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा केल्यामुळे त्या पक्क्या वाटतात. ड्रिल आत जाताना सुरुवातीला कडकपणा जाणवतो आणि मग एकदम पोकळ लागते. बाहेर येणारी भुकटी लालसर विटेची आहे, पांढऱ्या चुन्याची आहे की मऊ मातीची, हे पाहिले की भिंतीचा अंदाज येतो. माती आली तर तिथे कितीही लांब फास्टनर मारला तरी तो धरणार नाही. अशा जागी फलकाचा सांगाडा दोन्ही बाजूंना जमिनीपासून उभ्या केलेल्या लोखंडी पाइपांवर घ्यावा आणि भिंतीला केवळ तोल सांभाळण्यापुरते बांधावे. सागवानी तुळईला लांब स्क्रू धरतात हे खरे, पण तुळई वाळवी लागून आतून पोखरलेली नाही ना, हे ठोकून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. तसेच वाड्याच्या दर्शनी भागावर जागेवरच वेल्डिंग करणे टाळावे. सांगाडा कारखान्यात पूर्ण जोडून आणावा आणि जागेवर फक्त बोल्ट आवळावेत, कारण वेल्डिंगची ठिणगी लाकडी फटीत जाऊन तासाभराने धुमसू लागल्याची उदाहरणे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहेत.

फलकाचे वजन कमी असेल तर इतक्या आधाराची गरज का?

कारण फलक पडतो तो बहुधा वजनाने नव्हे, तर वाऱ्याने. वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३ नाशिकसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरते, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. या वेगाने प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ९३ किलो वजनाइतका दाब येतो. दहा फूट रुंद आणि चार फूट उंच पाटीचे क्षेत्रफळ साधारण ३.७ चौरस मीटर भरते, तेव्हा तिच्यावरचा एकूण दाब ३४५ किलोच्या घरात जातो. इमारतीची उंची, भोवतालची मोकळी जागा आणि फलकाचा आकार यांचे गुणक त्यात अजून धरलेले नाहीत. त्या पाटीचे स्वतःचे वजन, सांगाड्यासकट, बहुधा पन्नास किलोच्या आसपासच असते. वारा तिला फक्त ढकलत नाही, तर मागून ओढतोही. म्हणून फास्टनर खाली घसरण्यापेक्षा बाहेर उपटला जाण्याचा धोका अधिक असतो.

नाशिकमध्ये हा धोका विशेषतः एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या पावसाआधीच्या वावटळीत दिसतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला कोसळलेला जाहिरात फलक अशाच अवकाळी वादळात पडला. तो १२० फूट रुंद आणि तितकाच उंच होता, आणि त्या दुर्घटनेत १७ जणांचा जीव गेला. दुकानाची पाटी त्या मापाची नसते हे खरे, पण तिच्या खालून माणसे तितक्याच निर्धास्तपणे जातात.

खांबावरच्या फलकासाठी पाया किती खोल घ्यावा?

ठरावीक खोलीचे उत्तर देणे चुकीचे ठरेल, कारण शहरात आणि आसपास बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, मग मुरूम आणि खाली बेसॉल्टचा खडक असा थर असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे फक्त तिच्यात बसवलेला काँक्रीटचा ठोकळा दोन-तीन ऋतूंत कलतो. खोदाई काळी माती संपून टणक मुरूम लागेपर्यंत न्यावी, ठोकळ्याचे माप अभियंत्याकडून काढून घ्यावे, आणि काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारल्याशिवाय खांब उभा करू नये. ग्राहकाला उद्घाटनाची घाई असते, पण या बाबतीत ती ऐकू नये. खोदण्यापूर्वी त्या जागेखालून वीजवाहिनी, जलवाहिनी किंवा गॅसची नळी गेली आहे का याची चौकशी करावी; पदपथ किंवा रस्ता खोदायचा असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी लागते.

एसीपी, ॲक्रिलिक, स्टील, फ्लेक्स यांपैकी काय निवडावे?

बाहेरच्या पाटीच्या पाठीसाठी आज सर्वत्र एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये गाभा असलेला पत्रा, वापरले जाते. तीन आणि चार मिलिमीटर जाडीचे पत्रे मिळतात, पण बाहेरून दिसणाऱ्या जाडीपेक्षा दोन्ही बाजूंच्या ॲल्युमिनियमच्या थराची जाडी महत्त्वाची असते. पाव मिलिमीटर थराचा पत्रा स्वस्त असतो आणि लवकर लहरतो. अर्ध्या मिलिमीटरचा महाग असतो पण सपाट राहतो. त्याच्या गाभ्यात साधे प्लास्टिक असते किंवा आगरोधक मिश्रण असते. रुग्णालय, शिकवणी वर्ग, लॉज अशा जागी दर्शनी भाग मोठ्या प्रमाणात झाकायचा असेल तर आगरोधक गाभ्याचाच आग्रह धरावा आणि कोणतीही खिडकी किंवा बाहेर पडण्याची वाट फलकाने बंद होऊ देऊ नये. खिडक्या झाकून सलग फलक करण्याची फॅशन दिसायला कितीही छान असली तरी, आग लागल्यावर आतला धूर बाहेर पडण्याची आणि अग्निशमन दलाला आत शिरण्याची वाट तीच असते.

ॲक्रिलिक घेताना साच्यात ओतलेले कास्ट ॲक्रिलिक आहे का, ते विचारावे. ते कापताना कमी तडकते आणि उन्हात जास्त टिकते. त्याचे प्रसरण धातूपेक्षा पुष्कळ जास्त असते. आठ फुटांचा पत्रा तापमानात ३० अंशांचा फरक पडला की सुमारे ५ मिलिमीटरने लांबतो. नाशिकमध्ये हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांतील फरक याहून मोठा असू शकतो. त्यामुळे स्क्रूची भोके थोडी सैल ठेवावीत आणि चौकटीत फट सोडावी. घट्ट आवळलेला पत्रा स्क्रूच्या भोकापासूनच तडकतो.

स्टीलच्या अक्षरांसाठी ३०४ दर्जाचे स्टील मागावे. स्वस्त २०२ दर्जाचे स्टील नवे असताना तसेच चमकते, पण काही पावसाळ्यांनंतर त्यावर तपकिरी डाग येतात. चुंबक लावून दर्जा ओळखता येतो हा समज बाजारात पक्का आहे, पण तो फसवा आहे, कारण दोन्ही दर्जे चुंबकाला फारसे धरत नाहीत. बिलावर दर्जा लिहून घेणे हाच सोपा उपाय आहे. सांगाड्याच्या लोखंडी चौकोनी पाइपांना कापल्यानंतर आणि वेल्डिंगनंतर, म्हणजे जोडांवरही, प्रायमर लागला पाहिजे. पाइपांची उघडी तोंडे बंद करावीत, नाहीतर पाणी आत साचून पाइप आतून गंजतो आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

फ्लेक्स हे तात्पुरत्या वापराचे साहित्य आहे. मागून प्रकाश द्यायचा असेल तर त्यासाठीचे वेगळे फ्लेक्स येते. सनबोर्ड आतल्या भिंतींसाठी ठीक आहे. पश्चिमेच्या उन्हात तो वाकतो.

विजेचे काम कोणी करायचे?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार, आणि आता लागू असलेल्या २०२३ च्या विनियमांनुसारही, वीज मांडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करायचे असते. दिवा, फ्यूज किंवा स्विच यांची अशी बदलाबदली की जिने मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ती यातून वगळलेली आहे. याचा अर्थ असा की बिघडलेले मॉड्यूल त्याच प्रकारच्या मॉड्यूलने बदलणे वेगळे आणि दुकानाच्या पॅनेलपासून फलकापर्यंत २३० व्होल्टची नवी लाइन ओढणे वेगळे. हे ठेकेदारीचे परवाने आणि तारतंत्री व पर्यवेक्षक यांची प्रमाणपत्रे राज्य शासनाचे अनुज्ञापक मंडळ देते. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री होऊन बाहेर पडलेला तरुण सोबत घेणे हा फलक बसवणाऱ्यासाठी सर्वांत सरळ मार्ग आहे; पण केवळ अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र म्हणजे ठेकेदारीचा परवाना नव्हे.

एलईडी फलक काही महिन्यांतच मंद का पडतो?

बहुतेक वेळा दोष एलईडीचा नसतो, एसएमपीएसचा (२३० व्होल्टची वीज एलईडीला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलणाऱ्या उपकरणाचा) किंवा वायरचा असतो. समजा फलकात १२ व्होल्टची १०० मॉड्यूल आहेत आणि प्रत्येक १.२ वॅटचे आहे. एकूण भार १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर झाला. त्यासाठी १२० वॅटचाच एसएमपीएस घेतला तर तो कायम कमाल मर्यादेवर तापत राहतो. १५० वॅटचा घेतला तर तो ८० टक्क्यांवर चालतो आणि टिकतो. आता हाच एसएमपीएस फलकापासून १० मीटर लांब, दुकानात आत ठेवला आणि १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने जोडला, तर जाण्यायेण्याच्या २० मीटर वायरमध्येच सुमारे २.४ व्होल्ट खर्ची पडतात. एलईडीपर्यंत १२ ऐवजी ९.६ व्होल्ट पोहोचतात आणि ग्राहक म्हणतो की माल हलका आहे. उपाय दोन आहेत : एसएमपीएस फलकाजवळ पाणीरोधक पेटीत ठेवणे, किंवा बरीच जाड वायर वापरणे. लांब फलकात एकाच टोकाकडून वीज न देता मध्ये दोन-तीन ठिकाणी द्यावी.

फलकाच्या लाइनला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागल्यास पुरवठा तोडणारा स्विच) असावा, आणि लोखंडी सांगाड्याला अर्थिंग असलेच पाहिजे. पावसात ओल्या शटरला हात लावणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. पेटीच्या तळाला निचऱ्याची बारीक भोके पाडावीत, वायर पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते. गोदावरीला पूर आला की सराफ बाजारापर्यंत पाणी शिरते. दुतोंड्या मारुतीच्या परिसरातील आणि त्याच्या मागच्या गल्ल्यांतील दुकानांत एसएमपीएस व जोडपेट्या जमिनीलगत कधीही ठेवू नयेत.

सुरुवातीला कोणती हत्यारे घ्यावीत?

चांगला हॅमर ड्रिल, चार इंची ग्राइंडर, बॅटरीवरचा स्क्रू ड्रायव्हर, पॉप रिव्हेट गन, पाणसळ, ओळंबा, गुण्या, मोजपट्टी, मल्टिमीटर आणि टेस्टर इतक्यावर काम सुरू होते. विनाइल चिकटवण्यासाठी स्क्वीजी आणि हीट गन लागते. लांब पाटीची ओळ साधायला लेसर लेव्हल सोयीचा पडतो, पण पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढण्याची गवंड्यांची पद्धत आजही तितकीच अचूक आहे आणि दुपारच्या उन्हात, जेव्हा लेसरची रेघ दिसत नाही, तेव्हा तीच कामी येते. राउटर आणि लेसर कटिंग यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. अंबड, सातपूर भागात हे काम बाहेरून करून मिळते. पैसा आधी सुरक्षेच्या साधनांवर खर्च करावा.

उंचीवर आणि विजेच्या तारांजवळ काम करताना काय पाळावे?

संपूर्ण अंगाचा सुरक्षा पट्टा आयएस ३५२१ आणि शिरस्त्राण आयएस २९२५ या मानकांचे असावे. पट्ट्याचा हूक ज्या फलकावर काम चालू आहे त्याच फलकाच्या सांगाड्याला अडकवू नये. फलक सुटला तर माणूसही त्याच्यासोबत जातो. शिडी टेकवताना चार फूट उंचीमागे एक फूट पाया बाहेर ठेवावा. पहिल्या मजल्याच्या वर सतत काम असेल तर शिडीऐवजी परांची किंवा लिफ्ट भाड्याने घ्यावी आणि खालचा पदपथ दोरी लावून, माणूस उभा करून बंद ठेवावा.

इमारतीपासून वीजवाहिनीचे आडवे अंतर ११ हजार व्होल्टपर्यंत किमान १.२ मीटर आणि त्यावर ३३ हजार व्होल्टपर्यंत २ मीटर असावे लागते. पुढे झुकणारी पाटी बसवल्याने हे अंतर कमी होत असेल, तर तो फलक तिथे बसवताच येत नाही. हे किमान अंतर तयार बांधकामासाठीचे आहे. हातात बारा फुटी पाइप घेऊन वळणाऱ्या माणसाला त्याहून कितीतरी मोकळी जागा लागते. तार जवळ असेल तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयात अर्ज करून पुरवठा बंद करून घ्यावा. ओळखीच्या माणसाने फोनवर दिलेल्या ‘लाइन बंद आहे’ या आश्वासनावर कोणीही वर चढू नये.

जुना फलक उतरवण्याचे काम सोपे असते का?

ते बसवण्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. पुण्यात जुना बाजार चौकात ५ ऑक्टोबर २०१८ रोजी मोठा फलक काढण्याचे काम चालू असताना, सांगाडा खालून कापला जात असताना तो भर रस्त्यावर कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला. उतरवण्याचा क्रम वरून खाली असतो : आधी पत्रा किंवा फ्लेक्स काढून वाऱ्याचा भार कमी करायचा, मग वरचे आडवे पाइप, आणि खांब शेवटी, तोही क्रेनने धरून. सुरू करण्याआधी फलकाची वीज मुख्य पॅनेलवरून तोडावी. जुन्या फलकांत दुकान बंद असतानाही चालू राहणारी दुसरी लाइन सापडते, म्हणून टेस्टर लावल्याशिवाय वायरला हात लावू नये.

व्यवसायाच्या नोंदणीत काय काय येते?

दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी किंवा सूचना, व्यवसाय कर आणि उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी). यांतील उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दूर ठेवावे. फलक पुरवणे आणि बसवणे यांत सेवेचा भाग असल्याने जीएसटी नोंदणीसाठी वार्षिक उलाढालीची २० लाख रुपयांची मर्यादा लक्षात ठेवावी, केवळ माल विकणाऱ्यांची ४० लाखांची नव्हे. हाताखाली एकही माणूस असेल तर कामगार भरपाईचा विमा आणि त्यासोबत त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा घ्यावा. औद्योगिक वसाहतीतील कारखाने हल्ली ही कागदपत्रे पाहिल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

सण, निवडणूक किंवा सिंहस्थासाठी तात्पुरते फलक लावण्याचे काम घ्यावे का?

परवानगीचा क्रमांक आणि मुदत हातात असेल तर घ्यावे. सिंहस्थ जवळ येत असल्याने अशी कामे वाढत आहेत. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. झाडाला खिळा मारणे, विजेच्या खांबाला किंवा वाहतूक सिग्नलला फलक बांधणे ही कामे कोणीही सांगितली तरी नाकारावीत. मालमत्ता विद्रूपीकरणाचा राज्याचा कायदा १९९५ पासून लागू आहे, आणि जागेवर हातात दोरी घेऊन सापडतो तो कारागीर असतो, फलकावर फोटो असलेले पुढारी नव्हेत.

अंदाजपत्रकात काय लिहिलेले असावे?

पत्र्याची व थराची जाडी, पाइपाचे माप आणि गेज, स्टीलचा दर्जा, मॉड्यूलची संख्या व वॅट, एसएमपीएसची क्षमता, भिंतीचा प्रकार आणि त्यासाठी सुचवलेला आधार, परवानगी कोण काढणार, वायरिंग कोणाच्या परवान्याखाली होणार आणि हमीत काय येत नाही, इतके तरी असावे. ‘प्रति चौरस फूट इतके रुपये, सर्वसमावेशक’ अशा एका ओळीच्या दरपत्रकांची तुलना करताच येत नाही, कारण स्वस्त दरातील बचत नेहमी न दिसणाऱ्या भागातून, म्हणजे सांगाडा, फास्टनर आणि वायर यांतून होते.

बसवल्यानंतर देखभाल किती वेळा करावी?

वर्षातून दोनदा : वळवाच्या पावसाआधी, म्हणजे एप्रिलच्या सुरुवातीला, आणि पावसाळा संपल्यावर. पहिल्या फेरीत बोल्ट आवळणे, गंज पाहणे, आरसीसीबीचे चाचणी बटण दाबणे आणि निचऱ्याची भोके मोकळी करणे. दुसऱ्या फेरीत पेटीत शिरलेले पाणी, पक्ष्यांची घरटी आणि सुटलेले सिलिकॉन पाहणे. खांबावरच्या मोठ्या फलकाचे स्थैर्य प्रमाणपत्र परवानगीच्या नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा मागितले जाते, त्यामुळे आधीच्या प्रमाणपत्राची प्रत आणि सांगाड्याचे रेखाचित्र मालकाने स्वतःजवळ जपून ठेवावे.